सिनेमा बघितल्याची माफी

भूपाल, तुला मरायला हाच आठवडा सापडला?

शुक्रवारी साहेबाचा, आपल्या लाडक्या हेराचा, नवा सिनेमा लागणार होता. किती वर्षांनी! मधल्या काळात पडद्यावरचे सगळे हेर रडके झाले होते. कुणाला झोप लागत नव्हती, कुणाची बायको सोडून गेली होती, कुणी आपल्याच सरकारवर रुसून बसला होता. आणि आता पुन्हा जुन्या वळणाचा साहेब येत होता, पांढरा कोट घालून, भांग न विस्कटता, कुणाची परवानगी न मागता मजा करायला. आणि तू मंगळवारीच आटोपलंस. तुझी ही खोड जुनीच. ऐन क्लायमॅक्सला घड्याळ बघणारा माणूस तू.

निपाणीत तुझी शोकसभा झाली. मी मागच्या रांगेत बसलो, कारण पुढं बसलो असतो तर उठून भांडलो असतो. एक जण म्हणाला, भूपाल अण्णा म्हणजे शांतीचा सागर. दुसरा म्हणाला, त्यांनी आवाज चढवलेला कुणी ऐकला नाही. तिसऱ्यानं तर कळस केला. अण्णांना आयुष्यात करमणुकीची गरजच वाटली नाही म्हणे. मी शेजारच्याच्या तोंडाकडं बघितलं, तर तोही मान डोलवत होता. अरे, कसला सागर! बेळगावात कॅम्पातल्या थेटरात बाल्कनीच्या खुर्चीवर उभा राहून शिट्टी मारणारा, खालच्या माणसाच्या टकलावर शेंगदाण्याची चटणी सांडणारा आणि वर त्यालाच "खाली बसा हो" म्हणणारा भूपाल कुठं गेला? त्या भूपालबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. म्हणून हे लिहितोय. याला श्रद्धांजली समजू नकोस, तक्रार समज.

आपली ओळखच मुळी साहेबाच्या पहिल्या सिनेमाच्या रांगेत झाली. मी सांबऱ्याच्या शेतकऱ्याचा पोरगा, तू निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याचा, दोघंही बेळगावात कॉलेजला. तुला तिकीट मिळालं होतं आणि मला नव्हतं. तू तुझं तिकीट परत खिडकीत ढकललंस आणि म्हणालास, "दोन शेजारच्या खुर्च्या देत असला तरच द्या, न्हायतर हे बी घ्या माघारी." मला तू ओळखतही नव्हतास. तेवढ्यासाठी मी तुझा जन्मभर ऋणी आहे, हे एकदा सांगून टाकतो आणि पुन्हा भांडणाकडं वळतो.

पुढं मी मच्छेच्या कारखान्यात लागलो, टिळकवाडीत फ्लॅट घेतला. तू निपाणीत वखार सांभाळायला लागलास. दोघांची लग्नं झाली, पोटं सुटली. पण साहेबाचा सिनेमा लागला की पहिल्या शुक्रवारी दुपारच्या बसनं तू हजर. साहेबाचं काम करणारा नट दोनदा बदलला, आपण बदललो नाही. त्याला सिनेमात काही एक नाव होतं, पण आपण कधी ते उच्चारलं नाही. दहा मिनिटांत तीन देश पालथे घालून येणाऱ्या माणसाला नावानं कशी हाक मारायची? आपण सीमाभागातली माणसं, आपल्याला एका सीमेचा निकाल लागता लागत नाही, आणि हा गडी सकाळी एकीकडं, दुपारी दुसरीकडं, संध्याकाळी जेवायला तिसरीकडं. तू म्हणायचास, "ह्येला कुठल्या कचेरीत रांग लावलेली बघितलास का कधी? म्हणून तो साहेब."

आणि जेवणावरून आठवलं. सूर्य मावळल्यावर तू पाणीही घेत नसायचास. हा तुमच्या जैन घरचा नियम तू कधी मोडला नाहीस, आणि मीही तुला मोडू दिला नसता. पण साहेबाचे सिनेमे लांबलचक, हिवाळ्यात दिवस लहान, आणि तीनचा शो सुटेपर्यंत बाहेर सूर्य गेलेला. म्हणून तू डबा घेऊन यायचास. शेवटच्या मारामारीच्या तोंडाला घड्याळ बघायचास, अंधारात डब्याचं झाकण काढायचास आणि भाकरीचा निम्मा भाग माझ्या हातात कोंबायचास. बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी, वर तूप. पडद्यावर खलनायकाचं बेट धडाधड उडतंय, आणि आपण दोघं रानात मोटेवर बसल्यासारखे जेवतोय. तोंडात घास असताना शिट्टी मारता येते हे मी तुझ्याकडून शिकलो.

आपला एकच कायदा होता. थेटरात बसल्यावर "असं कसं होईल?" विचारायचं नाही. रोपवेच्या दोरीला लटकलेला साहेब खालून धावणाऱ्या मालगाडीवर उडी मारतो, गाडी नेमकी संत्र्यांनी भरलेली निघते, तो संत्र्यांतून उठतो, कोट झटकतो आणि एक संत्रं सोलायला घेतो. त्या वेळी तू माझ्या बरगडीत असं कोपर हाणलंस की आठवडाभर दुखत होतं. शेजारचा एक शहाणा म्हणाला, "एवढ्या उंचीवरनं पडल्यावर माणूस जगंल काय?" तू त्याच्याकडं वळून म्हणालास, "मग तिकीट कशाला काढलासा? घरात बसून मरायचं हुतं की." त्या दिवशी तू मला सख्ख्या भावापेक्षा जवळचा वाटलास.

तो माणूस आणि नंतरचा तू, एकच कसे?

बदललास कधी ते मला बरोबर ठाऊक आहे. तुमच्या गावात मुनिमहाराजांचा चातुर्मास झाला. तू रोज प्रवचनाला जायला लागलास. महाराजांबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्यांनी राग सोड, लोभ सोड म्हणून सांगितलं असेल, आणि ते तुला सांगण्याची गरजही होती. पण त्यांनी आपला साहेब बघितला नव्हता, भूपाल. तो तू बघितला होतास. कांदा तर तू जन्मात खाल्ला नाहीस, पण त्या वर्षापासून नाकानं सोलायला मात्र लागलास.

भाद्रपदात तुमचं पर्व संपलं की क्षमावणीला, सगळ्यांची माफी मागायच्या दिवशी, तुझा फोन यायचाच. "उत्तम क्षमा, मारुती. कळत नकळत दुखावलं असलं तर माफ कर." मी म्हणायचो, "केलं. पैल्यांदा सांग, पुढचा सिनेमा कवा?" आणि तू हसायचास. वर्षानुवर्षं असं चाललं होतं. त्या वर्षी मात्र तू हसला नाहीस.

"ते सिनेमे बघितले न्हवं आपण," तू म्हणालास, "त्याची बी क्षमा मागतो. मी तुला वढून न्हेत हुतो. माणसं मरताना बघून मी शिट्ट्या मारल्या, तुलाबी मारायला लावल्या."

मला आधी थट्टा वाटली. मी म्हणालो, "अरं, ती माणसं मरत न्हाईत. पडत्यात, उठत्यात, चहा पिऊन घरला जात्यात. शूटिंग हाय ते."

"ती मरत न्हाईत, व्हय," तू म्हणालास. "पर माझी खुशी खरी असती का न्हाय? करणं, करवणं आणि बरं झालं म्हणणं, तिन्ही एकच."

ह्यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की मला संताप येतो हे तुला ठाऊक आहे. मी म्हणालो, जन्मभर तंबाखू विकलास, त्याची माफी आधी माग. तू शांतपणे म्हणालास, "मागितली. वखारीतल्या बायकांच्या घरी जाऊन मागितली. आता तुझीच राहिलीया." मग मी फोन आपटला.

आज माझ्याकडं उत्तर आहे. तू ऐकायला नाहीस, तरी देतो. आपली खुशी त्या मरणाची नव्हतीच रे. आठवडाभर मच्छेला भट्टीपुढं उभं राहून माझं डोकं तापलेलं असायचं, तुला वखारीतल्या वासानं जेवण जायचं नाही. आपल्या दोघांच्या आयुष्यात कुठलीच गोष्ट वेळेवर आणि नीट होत नव्हती. तिथं तीन तास एक माणूस सगळं नीट करायचा. बॉम्ब शेवटच्या क्षणी का होईना, थांबायचाच. साहेब घरी परत यायचाच. खुशी त्याची होती. आणि खरं सांगू का, निम्मी खुशी तुझ्या कोपराची होती. ह्यात कुणाचं रक्त सांडलं? आपल्या मैत्रीत एवढी एकच गोष्ट अशी होती की जिच्यात स्वार्थ नव्हता, व्यवहार नव्हता, रुसवाफुगवा नव्हता. आणि माफी मागायला तुला नेमकी तीच सापडली! तू माफी मागितलीस तेव्हा मला कानफटात मारल्यासारखं झालं. माफी चुकीची मागतात. म्हणजे आपण बसलो होतो ती चूक होती काय? मी चूक होतो काय?

म्हणून मी क्षमा केली नाही. दुसऱ्या वर्षी तुझा फोन आला, मी म्हणालो, "बाकी सगळ्याची केली, सिनेमाची न्हाय." तिसऱ्या वर्षी तेच. तू थेटरात यायचा बंद झालास. पुढं साहेबाचे सिनेमेच थांबले, तोवर मी एकटा जायचो आणि रागानं सिनेमा बघायचो. रागानं बघितला की साहेबाच्या कोटाची शिवणसुद्धा वाकडी दिसते. तेवढं तू माझं नासवलंस.

मग तुझ्या हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी हात टेकले. मी निपाणीला आलो. पुढच्या खोलीत खिडकीशी तुझी खाट टाकलेली. तू एवढासा झालेला. मी बसलो न बसलो तोच तुझं सुरू झालं. "मारुती, आता तरी म्हण."

"न्हाय," मी म्हणालो.

"हट्ट कशाला करतोस? मनाला लागून हाय माझ्या."

मी विषय बदलला. म्हणजे तुला तसं वाटलं. खरं तर मी सापळा लावत होतो, साहेबानं शिकवलेला. मी म्हणालो, तो सिनेमा आठवतो का, त्यात साहेब पुलावरनं उडी मारतो बघ, खालून कोळशाची गाडी चाललेली असते. तू डोळे मिटून पडला होतास. मी पुढं सांगत राहिलो. कोळशातनं उठतो, तोंड काळं झालेलं असतं.

"संत्र्याची," तू म्हणालास.

"काय?"

"गाडी संत्र्याची हुती. आणि पूल न्हवता, रोपवे हुता." तू डोळे उघडलेस. हाताला सुई लावलेली, तरी तो हात वर उचलून दोरी कशी होती ते दाखवायला लागलास. "हिकडनं तो लटकत येतोय, हिकडनं गाडी. सांगायचं तर नीट सांग की गा!"

आणि हसलास. हसता हसता खोकला आला आणि पद्मावती वहिनी आतून धावत आल्या. मला म्हणाल्या, "काय बोलत हुता भावजी त्यांच्यासंगट? दमवू नका त्यांना." मी तुला म्हणालो, "बघितलास? ही तुझी क्षमा." तू खोकला आवरलास. मग म्हणालास, "मारुत्या, तू लई वंगाळ माणूस हाईस." त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस, कारण त्यानंतर तू राहिलाच नाहीस. मी जिंकलो होतो, पण तू हार कबूल न करता उठून गेलास.

शोकसभेनंतर मी घरी वहिनींना भेटायला गेलो. त्या जमिनीवर बसल्या होत्या. तुझ्यापेक्षाही व्रतं कडक पाळणारी ती बाई. म्हणाल्या, "भावजी, ती एक गोष्ट त्यांच्या मनाला लागून हुती. आता तरी म्हणा. फोटोसमोर म्हटलासा तरी पोचंल."

मी म्हणालो, "वहिनी, तो गुन्हाच नव्हता. नसलेल्या गुन्ह्याची माफी कशी करू?"

त्यांनी तुझ्या फोटोकडं बघितलं. मग म्हणाल्या, "असं हाय व्हय? मग काय हुतं ते मला दाखवा. पाप कसलं ते बघितल्याबिगर मी तरी ह्यांच्या वतीनं कशाची माफी मागू?"

मला वाटलं, दुःखात बोलताहेत. पण दोन आठवड्यांनी त्यांचाच फोन आला, सिनेमा अजून आहे का म्हणून. मी म्हणालो, आहे, पण वहिनी, लोक काय म्हणतील? एवढ्यात तुम्ही थेटरात...

"लोकांची क्षमा भाद्रपदात मागीन," त्या म्हणाल्या. "सगळ्यांची एकदमच मागायची असती न्हवं?"

तर भूपाल, तुझी बायको बेळगावला आली. सोबतीला म्हणून मी माझ्या शारदाला घेतलं. शारदाचं तुला ठाऊकच आहे, तिला मी पूर्वी दोनदा नेलं होतं आणि दोन्ही वेळा ती सुरुवातीच्या नावांच्या पाट्या संपायच्या आत झोपली होती. आता ते कॅम्पातलं थेटर कुठलं? मॉलमध्ये, सरकत्या जिन्यानं वर. दारात एक बाई पिशव्या तपासत होती, बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. वहिनींनी पिशवी उघडून दाखवली. पिशवीत चष्मा आणि रुमाल. आत जाऊन बसल्यावर त्यांनी शालीखालून डबा काढून मांडीवर ठेवला.

"वहिनी!" मी म्हणालो.

"मी खोटं बोलले न्हाय," त्या म्हणाल्या. "तिनं शाल कुठं उघडा म्हटली?"

सिनेमा कसा होता विचारतोस? तुला सांगायची माझी इच्छा नाही. तू त्यावर पाणी सोडलंस. तरी एवढं सांगतो की साहेब बर्फाच्या डोंगरावरून पियानोवर बसून घसरत खाली आला आणि खाली पोचल्यावर त्यानं दोन सूर वाजवून बघितले. माझी बरगडी आपोआप आखडली, कोपर यायची वाट बघत. आलं नाही. मला इतका राग आला तुझा!

मारामारी सुरू झाली की वहिनी डोळे मिटायच्या. घट्ट, लहान मुलीसारखे. पाठलाग सुरू झाला की उघडायच्या आणि खुर्चीचा हात धरायच्या. शारदा झोपली होती. शेवटाकडं खलनायक आपला बेत सांगत बसला, नेहमीसारखा, आणि वहिनींनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. मग झाकण निघाल्याचा आवाज आला. पडद्यावरची नजर न काढता त्यांनी भाकरीचा निम्मा भाग माझ्या हातात दिला. तीच चटणी, वर तूप. मी तो तसाच हातात धरून बसलो. त्यांनी मात्र पूर्ण खाल्लं, पाणी प्यायल्या आणि साहेब जिवंत आहे हे कळल्यावर "अगं बाई" म्हणाल्या, एवढ्या मोठ्यानं की पुढच्या रांगेनं वळून बघितलं.

बाहेर गाडीपाशी आलो. उजेड गेला होता. मी अगदी जिंकायच्या तयारीनं विचारलं, "काय वहिनी? आता तुम्हीच न्याय करा. ह्यात पाप कुठं दिसलं?"

"मारामारीच्या येळंला मी डोळं मिटलं. ते पाप असंल तर असंल," त्या म्हणाल्या. "बाकीचं लई झकास हुतं."

मी आनंदानं काही बोलणार, तेवढ्यात त्याच पुढं बोलल्या. "भावजी, हे मला बँकेचं काम हाय सांगून बेळगावला यायचे. डबा मीच बांधायची. बँकेच्या कामाला दोघांच्या भाकऱ्या कोण न्हेतंय? मला काय कळत न्हवतं? घरला आल्यावर झोपेत हसायचे, बडबडायचे. मी वाट बघायची, एकदा तरी म्हणतील, चल म्हणून. शेवटी ते सिनेमेच बंद झाले." त्यांनी डब्याचं झाकण पदरानं पुसलं. "तुमच्याकडं माफी मागत बसले. मागायची हुती ती माझ्याकडं. तीबी बघितल्याची न्हवं. मला सोडून बघितल्याची."

शारदा आता टक्क जागी होती. ती माझ्याकडं बघत होती आणि मी जमिनीकडं.

"मग तुम्ही केली का त्याला माफ?" मी विचारलं.

"न्हाय," वहिनी म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

निपाणीपर्यंत त्या एकेक जुना सिनेमा विचारत होत्या आणि मी सांगत होतो. संकेश्वर मागं पडल्यावर मी रोपवेवर आलो. तुला पकडायला रचलेलं खोटंच तोंडात बसलं होतं, तेच बाहेर पडलं. म्हणालो, साहेब उडी मारतो, खाली कोळशाची गाडी.

"संत्र्याची," मागून आवाज आला. "झोपेत वरडायचे न्हवं, संत्री बघ, संत्री बघ म्हणून."

मी गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि रडलो, भूपाल. तुझ्या शोकसभेत माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

मेल्या, असं माणूस घरात होतं आणि तू बस पकडून माझ्याकडं यायचास! इतकी वर्षं चुकीच्या माणसाकडं चुकीच्या गोष्टीची माफी मागत राहिलास, आणि मी गाढव ती नाकारत राहिलो. आता भाद्रपदात माझ्याकडं येऊ नकोस. तिच्याकडं जा, तिच्यासमोर उभा राहा आणि नीट माग. ती देईल असं मला वाटत नाही. आणि सिनेमाला यायचं असेल तर कडेला बस. मधल्या खुर्चीत आता ती बसते.